दोन रात्रींचं बेट : दिवाडी-चोडणला जाताना आधी पंचांग उघडा

प्रश्न थोडक्यात असा : पुण्याहून सहा जण. नवरा-बायको, नऊ आणि बारा वर्षांची दोन मुलं, सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे. जानेवारीत दोन रात्री हाताशी आहेत. बीच नको, गर्दी नको. एखादं हिरवं बेट, थोडे पक्षी आणि मुलांना खरीखुरी शेती दाखवायची आहे. अंदमानला जायला तेवढे दिवस नाहीत. कुठे जावं?

ताई, गोव्यातच जा, पण समुद्राकडे पाठ करून. मांडवी नदीत, जुन्या गोव्याच्या समोर, दिवाडी आणि चोडण अशी दोन बेटं आहेत. तिसवाडी तालुक्यातली. मी शेतकीचं शिक्षण घेतलं, काही वर्षं नारळ-सुपारीच्या बागा सांभाळल्या आणि गेली सोळा वर्षं या दोन बेटांवर आणि फोंड्याकडच्या कुळागरांत, म्हणजे डोंगरकुशीतल्या बागांत, छोटे गट घेऊन फिरतोय. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो : राहायची जागा शोधण्याआधी कालनिर्णय काढा आणि तुमच्या सुट्टीत कोणत्या तिथी येतात ते बघा.

हे धार्मिक कारणासाठी नाही. या बेटांवरचं सगळं, म्हणजे पक्षी, मासे, शेतातलं पाणी, होडी कुठवर जाईल, हे भरती-ओहोटीवर चालतं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास मांडवीच्या मुखाशी पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं. सकाळी जिथून होडी गेली तिथे दुपारी चिखल असतो आणि त्या चिखलात निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत असतात. चुकीच्या वेळी गेलात तर तीच जागा अगदी रिकामी वाटते. ‘काहीच दिसलं नाही हो’ म्हणून परतणारे बहुतेक लोक बरोबर ठिकाणी, पण चुकीच्या वेळी गेलेले असतात.

कोळ्यांचा जुना हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा, म्हणजे सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब एकच. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पुन्हा सहा तासांनी दुसरी भरती. नदीत आत शिरलं की पाणी थोडं उशिरा चढतं, म्हणून चोडणसाठी अर्धा-पाऊण तास पुढे धरा. बारा वर्षांच्या मुलाला हे गणित करायला द्या, तो सहलभर घड्याळ घेऊन फिरेल. अर्थात होडी सांगायची असेल तेव्हा भरतीचा छापील तक्ता किंवा मोबाइलवरचा तक्ता बघायचाच. या तोंडी हिशोबात तासाभराचा फरक पडू शकतो.

आता तुमच्यासाठी कोणती तिथी? द्वादशी ते चतुर्दशी. या तीन दिवसांत सकाळी नऊ ते साडेदहाच्या सुमारास भरती आणि दुपारी तीन ते साडेचारच्या सुमारास ओहोटी येते. म्हणजे सकाळी भरपूर पाण्यात होडीने कांदळवनात आणि संध्याकाळी उघड्या चिखलाकाठी बांधावरून चालत. दोन्ही सोयीच्या वेळी मिळतं, आणि जेवणानंतर म्हाताऱ्या माणसांना दोन तास आडवं होता येतं. अष्टमीच्या आसपास मात्र भांग असतो, पाणी फारसं हलत नाही. तेव्हाची सहल मी शक्यतो टाळतो.

मी स्वतः हे धडे चिखलात बसून शिकलोय. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. नाश्ता लांबला, ‘अर्ध्या तासाने काय होतंय’ म्हणून मी होडी उशिरा सोडली आणि परतताना एका अरुंद फाट्यात पाणी उतरलं. होडी तिरकी होऊन गाळात बसली. नऊ माणसं, त्यात एक आजी, आणि पुढचं पाणी यायला पाच तास. होडीवाले काका शांतपणे विडी ओढत बसले. त्यांनी निघतानाच मला दोनदा ‘उशीर जाता’ म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून होडीवाला म्हणेल ती वेळ. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

राहायला दिवाडी बरी. दिवाडीला जायला फेरीबोटच धरावी लागते, जुन्या गोव्याहून किंवा रायबंदरहून. त्यामुळे संध्याकाळनंतर बेट खरोखर बेट होतं. जुन्या घरांतून काही लोक खोल्या देतात. पियेदाद गावच्या टेकडीखालच्या वाड्यात मिळालं तर उत्तम. कोकण रेल्वेने आलात तर करमळीला उतरा. जुनं गोवं तिथून अगदी जवळ. रात्रीच्या बसने आलात तर पणजीहून रायबंदर. वाटेतला पणजी-रायबंदरचा लांबलचक बांधरस्ता सतराव्या शतकातला आहे. त्याच्या कडेला मिठागरांची चौकोनी खाचरं दिसतील, तिथे गाडी हळू घ्यायला सांगा. फेरीबोटीची शेवटची खेप किती वाजता, हे घरमालकाला रोज विचारायचं. बोटीच्या उताराची फळी ओलसर असते, सासूबाईंना हात द्या.

चोडण हे दुसरं बेट. पोर्तुगीज काळात याला ‘उमरावांचं बेट’ म्हणत. इथे रायबंदरहून फेरी आहे आणि उत्तरेला मयेकडून रस्ताही आहे. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. 1988 साली झालेलं, जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचं, आणि जवळजवळ सगळं कांदळवन. फेरी उतरलात की प्रवेश जवळच. आत बांधीव पायवाट आहे, सासऱ्यांना चालता येईल. पण पायवाटेवरून फक्त झाडं दिसतात, आणि खरी मजा होडीतच आहे. सकाळी भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघा. दोन्ही बाजूंना कांदळाची धनुष्यासारखी वाकलेली मुळं, फांदीवर निळा-पांढरा कॉलर्ड किंगफिशर, हिवाळ्यात डोक्यावरून मासा पकडून जाणारा ऑस्प्रे. होडीवाल्याला इंजिन बंद करून वल्ह्याने न्यायला सांगा. दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, ही अट मी मुलांना आधीच घालतो. कोणी बोललं तर परतताना वल्हं त्याच्या हातात.

संध्याकाळी ओहोटीला मुलांना तिवराचं पान चाटायला सांगा. पानाच्या वरच्या बाजूला मिठाचे बारीक कण असतात. झाड खारं पाणी ओढतं आणि जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. चाटलं की मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो आणि मग ते झाड त्यांच्या कायम लक्षात राहतं. पण कुठलंही पान तोडू द्यायचं नाही. कांदळवनात एक झाड असं आहे की त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा गमावायची वेळ येते. झाडं ओळखणारा माणूस सोबत असेल तरच हात लावायचा.

आता शेती. इथे थोडं थांबतो, कारण तुमचा प्रश्न मुळात शेतीचा आहे आणि या बेटांवरची शेती दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाही.

दिवाडी-चोडणच्या सखल जमिनीला खाजन म्हणतात. या जमिनी भरतीच्या पाण्यापेक्षा उंच नाहीत. नदीला मोकळी सोडली तर दिवसातून दोनदा बुडतील. शेकडो वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी चिखल, दगड, पेंढा घालून नदीकाठाने बांध घातले आणि आत भात पिकवायला सुरुवात केली. बांधात ठरावीक जागी पाण्याला दार ठेवलं. त्या दाराला मानस म्हणतात. जांभ्या दगडाची चौकट आणि तिला वरून टांगलेल्या लाकडी झडपा. झडप फक्त बाहेरच्या, म्हणजे नदीच्या दिशेने उघडते. भरती आली की नदीचं पाणी झडपेला आत ढकलतं आणि ती चौकटीला घट्ट बसते. ओहोटीला बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतलं पाणी झडप उचलतं आणि बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही, रात्री जागणारा माणूस नाही. मानशीच्या आत एक खोलगट तळं असतं, त्याला पोंय म्हणतात. शेतातलं पाणी आधी तिथे साठतं आणि मग बाहेर.

झडप उघडायचा क्षण गाठता आला तर गाठाच. त्रयोदशीला दुपारी दोननंतर मानशीजवळ जाऊन बसा. आधी पाणी अगदी गप्प असतं. मग फळीच्या कडेने एक बारीक रेघ सुटते, फळी किरकिरते, आणि मग खळखळून प्रवाह सुरू होतो. लगेच बगळे येऊन तोंडाशी उभे राहतात, कारण पाण्याबरोबर कोळंबी आणि माशांची पिल्लं बाहेर येतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास रात्री इथे जाळं लावून मासेमारी होते आणि तो हक्क लिलावाने दिला जातो. त्यावरून भांडणंही होतात : मासे जास्त मिळावेत म्हणून ठेकेदार गरजेपेक्षा जास्त खारं पाणी आत घेतो आणि भातवाल्याची जमीन खारवते, अशी तक्रार तुम्हाला चहाच्या टपरीवर ऐकू येईल. बांध फुटतात, दुरुस्ती वेळेवर होत नाही, पडीक खाजनात कांदळ उगवतं आणि मग ते तोडता येत नाही. मुलांना मानस दाखवताना हेही सांगा. नुसती शाबासकी देऊन निघू नका.

खाजनातल्या पारंपरिक भाताचं नाव कोरगुट. उंच वाढतो, दाणा लाल, आणि मीठ सोसतो. जूनचा पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढतो, मग पेरणी-लावणी, ऑक्टोबरच्या आसपास कापणी. उत्पन्न कमी, पण उकडे करून त्याची पेज केली की कळतं की लोकांनी ते का टिकवलं. याच कोरगुटातून निवड करून जुन्या गोव्यातल्या किनारी शेतीच्या केंद्रीय संशोधन संस्थेने ‘गोवा धान’ नावाचे वाण काढले. संस्था एला इथे आहे, दिवाडीच्या फेरीपासून लांब नाही. आधी लिहून विचारलंत आणि कामाच्या दिवशी गेलात तर बघता येतं. मुलांना तिथल्या गाई-बकऱ्यांतच जास्त रस वाटेल हे गृहीत धरा.

पण एक स्पष्ट सांगतो : जानेवारीत खाजनांत तुम्हाला हिरवंगार भात दिसणार नाही. कापणी होऊन गेलेली असते. काही खाजनांत मुद्दाम खारं पाणी घेऊन मासे-कोळंबी वाढवलेली असते. त्याच उथळ पाण्यात पक्ष्यांची झुंबड असते, आणि नशीब असेल तर लेसर ॲडज्युटंट नावाचा टकल्या करकोचा शेताच्या मधोमध रिटायर्ड हेडमास्तरासारखा उभा दिसतो. थोड्या उंच, गोड्या पाण्याच्या जागी याच दिवसांत वायंगणाचं, म्हणजे हिवाळी भाताचं पीक किंवा आळसांदे (एक प्रकारची चवळी), मिरची, तांबडी भाजी, मुळा असतो. बायका सकाळी कळशीने पाणी घालत असतात. विचारून वाफ्यात शिरा. मुलांना पाणी घालू द्या, भाजी विकत घ्या, आणि फोटो काढण्याआधी विचारा. ‘फार्म व्हिजिट’ म्हणून वेगळं तिकीट लागत नाही. निम्मा तास त्यांच्या कामात खोळंबा केलात तर दोन जुड्या भाजी घेणं एवढी साधी रीत आहे.

ज्यांना खाजनातला भातच बघायचा आहे त्यांनी सप्टेंबरच्या शेवटी यावं. ऑगस्टमध्येही हिरवं असतं, पण चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरां असतो. वाड्यावाड्यांच्या हद्दीच्या भांडणातून आणि हद्दीवर लावलेल्या झेंड्यांतून निघालेला हा सण. आता मिरवणुका, चित्ररथ आणि फेरीबोटीला लांबच लांब रांग. सण बघायचा असेल तर या, शांतता हवी असेल तर तो आठवडा सोडा.

बांधावर चालताना खाली बघत चला. चोडणच्या बांधांवर पाणमांजरांचा वावर आहे. प्राणी दिसेलच असं नाही, पण उंचवट्यावर माशांच्या खवल्यांनी भरलेली, उग्र वासाची विष्ठा दिसते. पाणमांजरं ठरावीक जागीच जातात, त्यांचं ते सार्वजनिक संडास. काडीने उकलून बघितलं तर खवले आणि खेकड्याच्या नांगीचे तुकडे वेगळे करता येतात. नऊ वर्षांच्या मुलाला यापेक्षा आनंदाची गोष्ट नाही. आईला थोडी किळस येते. हाताला लावायचं नाही एवढं सांभाळा.

तिसरा दिवस कुळागराला द्या. हे बेटावर नाही, फोंडा तालुक्यात आहे, सावई-वेरें आणि केरीच्या बाजूला. कुळागर म्हणजे डोंगराच्या कुशीतली झऱ्यावर पोसलेली बाग : पाटाने वाहणारं पाणी, माड, सुपारी, सुपारीवर चढवलेली मिरी, मधल्या सावलीत केळी, जायफळ, अननस. तिथे मसाल्यांच्या बागा म्हणून मोठी पर्यटनस्थळं झाली आहेत. बसा येतात, गळ्यात हार घालतात, वीस मिनिटांत फिरवून जेवायला बसवतात. जेवण चांगलं असतं, पण शेती बघितल्यासारखं वाटत नाही. त्यापेक्षा घरमालकाच्या ओळखीने एखाद्या चालत्या कुळागरात जा. जानेवारीत सुपारीची काढणी चालू असते. पाडेली एका सुपारीच्या शेंड्यावर चढतो, झाड वाकवतो आणि खाली न उतरता शेजारच्या झाडावर जातो. मुलं तोंड उघडं ठेवून बघतात. मिरीचे घोस हिरवे, काही लाल व्हायला लागलेले. एक हिरवा दाणा चावू द्या, पाण्याची बाटली जवळ ठेवून. जायफळ मात्र मुख्यतः पावसाळ्यात पडतं, आणि काजूची बोंडं, हुर्राक (बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू), भट्ट्या हे सगळं मार्च ते मे. जानेवारीत कोणी ‘ताजी हुर्राक’ देत असेल तर ती मागच्या वर्षीची किंवा दुसरंच काहीतरी.

सासू-सासऱ्यांसाठी दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आधी एक छोटी फेरी जोडा. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत, त्याचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते पाडलं, लिंग नदीपलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावात नेलं गेलं, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दिवाडीच्या नार्वे बाजूला जुनं कोटितीर्थ (त्या देवळाची तळी) अजून आहे. ते बघायचं, तिथूनच फेरी धरून पलीकडे जायचं, दर्शन घेऊन परत. माझ्यासोबत आलेल्या ज्येष्ठांना सगळ्या सहलीत हीच फेरी सर्वात जास्त आवडते. पक्षी मुलांनी बघावेत, असं त्यांचं म्हणणं.

जेवणाचं : घरमालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. नदीतला शेवटो, काळुंदर, मिळाली तर चणक, मानशीवरची कोळंबी. मासे नको असतील तर आळसांद्याची उसळ, उकड्या तांदळाची पेज आणि कैरीचं लोणचं. सकाळी पोदेर सायकलवर भोंगा वाजवत येतो, गरम पोळी घ्यायला मुलांना पाठवा. ‘पोळी’ म्हणजे तिथे पाव असतो, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर आमच्या एका आजींसारखं होईल : त्या तूप-गूळ घेऊन वाट बघत बसल्या होत्या.

सोबत : मागे पट्टा असलेल्या चपला (गाळात साधी चप्पल राहून जाते), पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, डासांचं मलम, एक दुर्बीण. दोन असतील तर दोन्ही आणा, मुलं भांडतात. भडक लाल-पिवळे कपडे होडीत नकोत. मांडवी-कुंभारजुव्याच्या पाण्यात मगरी आहेत, म्हणून मुलांना काठावर पाय सोडून बसू द्यायचं नाही. हे घाबरवायला सांगत नाही, होडीवालेही तेच सांगतील.

दिवसांची मांडणी अशी करा की पहिल्या दिवशी दुपारनंतर फक्त बांधावर चालणं, दुसऱ्या दिवशी सकाळी चोडणची होडी आणि दुपारी मानस, मग नार्वे. तिसऱ्या दिवशी सकाळी कुळागर आणि तिथूनच परतीचा रस्ता. यात आणखी काही कोंबायचा मोह झाला तर नार्वे किंवा कुळागर यातलं एक काढा, होडी काढू नका. आणि मुलांची शाळा ज्या शनिवार-रविवारी सुट्टी देते त्या दिवशी जर सप्तमी-अष्टमी येत असेल, तर आठवडाभर पुढे ढकला. शाळेतून एक दिवसाची रजा मागताना ‘भरती-ओहोटीमुळे’ असं खरं कारण लिहा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तसं लिहिलं आणि वर्गशिक्षिकेने मुलाला परत आल्यावर फळ्यावर मानस काढून दाखवायला लावली.